उमेदवारी साखळीची, सही दुसऱ्याची

१/
आज ‘उमेदवारी’ म्हटले की निवडणूक आठवते. काही पिढ्यांपूर्वीच्या मराठीत मात्र या शब्दाचा नित्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत किंवा कारागिराच्या हाताखाली, तुटपुंज्या पैशांवर अथवा फुकट राबत काम शिकणे म्हणजे उमेदवारी. इंग्रजी अमलातील दक्षिण हिंदुस्थानात भूमापकांची पहिली शिकलेली पिढी अशाच उमेदवारीतून तयार झाली. ही पिढी होती मद्रासच्या अनाथ मुलांची. ती मुले काय शिकली, त्यांची पारख कशी झाली आणि शिकून झाल्यावर त्यांच्या पदरी काय पडले, याचा हा धागा.

२/
जमीन मोजण्याची विद्या इंग्रजांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेली मोजणी काठीने झाली. ती काठी पाच हात पाच मुठींची होती. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर, असे कोष्टक रयतेलाही ठाऊक असे. गावचे क्षेत्र महाराष्ट्रात कुलकर्ण्याच्या दप्तरात असे, तमिळ व तेलुगू मुलखात कर्णमाच्या. हे ज्ञान वतनाबरोबर वडिलांकडून मुलाकडे जाई. त्यासाठी शाळा नव्हती आणि परीक्षाही नव्हती.

३/
१७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपू सुलतानाचा बराच मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. बारामहाल, दिंडीगल, मलबार असे प्रदेश हाती पडले, पण तेथून सारा किती घ्यायचा हे ठरवण्यासाठी कंपनीला कर्णमाच्या आकड्यांवर विसंबावे लागे आणि त्या आकड्यांवर तिचा विश्वास नव्हता. मोजणी येणारे गोरे अधिकारी थोडे होते. ते महाग पडत आणि लढाई सुरू झाली की मोजणी अर्धवट टाकून पलटणीत परतत. कंपनीला कुशल, स्वस्त आणि जाग्यावर टिकणारी माणसे हवी होती.

४/
यावर उपाय सुचवला मायकेल टॉपिंग यांनी. त्यांनी कोरोमंडल किनाऱ्याचे सर्वेक्षण केले होते आणि ते कंपनीचे मद्रासमधील खगोलज्ञ होते. त्यांच्या देखरेखीखाली नुंगमबाक्कम येथे १७९२ मध्ये वेधशाळेची इमारत पुरी झाली. वेधयंत्रासाठी तेथे उभारलेला ग्रॅनाइटचा भक्कम खांब आजही पाहायला मिळतो. टॉपिंग यांचे म्हणणे असे की मोजणीचे बहुतेक काम करण्यास लष्करी अधिकारी लागत नाही. लहान वयात हाती आलेली मुले नीट शिकवली तर तीच हे काम करतील.

५/
मुले आली ती एग्मोर येथील अनाथाश्रमातून. १७८९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत गोऱ्या सैनिकांची मुले राहत. त्यांतील बहुतेकांच्या आया हिंदुस्थानी होत्या. आश्रमाचे प्रमुख होते अँड्र्यू बेल. स्थानिक शाळांत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवतात, हे त्यांनी पाहिले आणि तीच रीत आश्रमात आणली. आपल्याकडची धूळपाटी ती हीच. मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवावे, ही त्यांची दुसरी रीत पुढे ‘मद्रास पद्धत’ या नावाने इंग्लंडात गाजली. मोजणीच्या शाळेत आलेली मुले अशा घडणीतून आलेली होती. शिकता शिकता शिकवणे त्यांना नवे नव्हते.

६/
या मुलांपुढे दुसरी वाट तरी कोणती होती? १७९१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी ठरवले की ज्याची आई किंवा बाप हिंदुस्थानी आहे, त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेत अधिकारपदावर घेऊ नये. १७९५ मध्ये बंधन आणखी आवळले. अशा मुलांना सैन्यात जागा उरली ती वाजंत्री, नालबंद असल्या कामांपुरती. बापाचे नाव लावणाऱ्या मुलाला बापाची नोकरी वर्ज्य ठरली. नेमक्या याच दोन ठरावांच्या मधल्या काळात, १७९४ मध्ये, मोजणीची शाळा उघडली. तिच्याकडे परोपकार म्हणून पाहायचे की काटकसर म्हणून, याचा निर्णय करताना ही सनावळी ध्यानात ठेवावी.

७/
आरंभी शाळेत आठ मुले होती. ती कंपनीशी करारबद्ध झालेली शिकाऊ मुले होती. अंकगणित, भूमिती, त्रिकोणमिती, लॉगॅरिथमची कोष्टके वापरणे, साखळीने अंतर मोजणे, कोन घेणे, टिपणवही राखणे, आकड्यांवरून नकाशा उतरवणे आणि तयार नकाशांच्या नकला करणे, या सर्वांची सांगड त्यांच्या शिक्षणात होती. नकला करण्याचे काम कंटाळवाणे खरे. पण छापील नकाशे दुर्मिळ असताना प्रत्येक कचेरीला लागणारी प्रत कोणीतरी हाताने काढावीच लागे. त्या नकलांतून मुलांचा हात बसे आणि कंपनीला नकाशे मिळत.

८/
साखळी ओढण्यात शिकण्यासारखे काय आहे, असे वाटणे साहजिक आहे. त्या काळी इंग्रजी मोजणीत रूढ असलेली गंटरची साखळी ६६ फुटांची व १०० कड्यांची होती. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, त्यामुळे हिशेब दशांशात सुटसुटीत होई. पण साखळी मधोमध झोळते, ताणली की लांबते, उन्हात प्रसरण पावते. चढावर ती जमिनीलगत धरली तर नकाशासाठी लागणाऱ्या आडव्या अंतरापेक्षा जास्त माप येते. प्रत्येक साखळीअखेर रोवायची सळई एकदा विसरली की शेताची लांबी ६६ फुटांनी कमी भरते. या चुका पुस्तकात वाचून टळत नाहीत, उन्हात केल्यावरच त्या ओळखीच्या होतात.

९/
म्हणून भूमापकाच्या उमेदवारीचा गाभा म्हणजे आपली चूक आपणच पकडण्याची सवय. शेताभोवती मोजत गेलेला माणूस सुरुवातीच्या दगडापाशी परततो. कागदावर मात्र रेषा त्या बिंदूशी मिळेलच, असे नाही. जेवढी फट राहील, तेवढी चूक. त्रिकोणाचे तीन कोन निरनिराळ्या टेकड्यांवरून घेतले, तर त्यांची बेरीज १८० अंशांच्या आसपास आली पाहिजे. त्रिकोण फार मोठा असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ती किंचित जास्त येते आणि ती वाढ किती असावी हेही आधी काढता येते. वशिला लावून ही बेरीज बदलत नाही.

१०/
टॉपिंग फार काळ जगले नाहीत. जानेवारी १७९६ मध्ये मछलीपट्टणला तापाने त्यांचा मृत्यू झाला. वेधशाळा आणि शाळा दोन्ही जॉन गोल्डिंगहॅम यांच्याकडे आल्या. गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून मद्रासचे रेखांश ठरवण्याचे वेध त्यांनी वर्षानुवर्षे घेतले. शाळा वेधशाळेला जोडलेली असल्याने जमिनीवरचे माप अखेर आकाशाशी पडताळावे लागते, हा धडा मुलांच्या डोळ्यांदेखत घडत होता. जरा मोठी झालेली मुले मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि सर्वेक्षकांच्या हाताखाली पाठवली जात.

११/
१७९९ मध्ये टिपू पडला आणि म्हैसूरच्या सर्वेक्षणाचे काम कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे आले. ते जवळजवळ दहा वर्षे चालले. त्यांच्या तुकडीत मद्रासच्या शाळेतील मुले होती. मॅकेन्झी यांना केवळ हद्दी नको होत्या. तळी, पिके, वस्ती, शिलालेख, स्थानिक बखरी असे सारेच त्यांना हवे होते. त्यामुळे तेथे गेलेल्या मुलांची उमेदवारी दुहेरी झाली. कोन मोजायचा आणि गावाला प्रश्नही विचारायचे. मॅकेन्झी पुढे १८१५ मध्ये हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल झाले. त्यांच्या हाताखालच्या मुलांना ते पद कधीच मिळणार नव्हते.

१२/
दुसरी तुकडी विल्यम लॅम्बटन यांची. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्यांनी पायारेषा मोजायला घेतली. लांबी सुमारे साडेसात मैल, साखळी पोलादी व १०० फुटांची. ती चारशे वेळा मांडायची होती आणि प्रत्येक वेळी लाकडी पन्हळीत, सावली धरून, तापमापक पाहून. वर्षातील सर्वांत कडक उन्हाळ्यात हे काम मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत चालले. पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही पहिली रेषा.

१३/
ही रेषा बरोबर होती हे कशावरून? १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली. तिची लांबी मद्रासपासून त्रिकोण जोडत जोडत गणितानेही काढली होती. साखळीचे उत्तर आणि गणिताचे उत्तर यांत फरक निघाला चार इंचांहून कमी. मधल्या जवळपास दोनशे मैलांच्या डोंगराळ मुलखातील एकेका कोनाची ती परीक्षा होती. इतिहासात हे यश लॅम्बटन यांच्या नावावर आहे आणि त्यात वावगे काही नाही. पण झेंडे रोवणे, साखळी मांडणे, आकडे उतरवणे आणि बेरजा पुन्हा करणे ही कामे करणाऱ्या हातांचीही ती परीक्षा होती.

१४/
या उमेदवारीची किंमत शरीराने चुकवावी लागे. निशाण दूरवरून दिसावे म्हणून डोंगरमाथे गाठायचे आणि हवा स्वच्छ असते म्हणून पावसाळ्यात काम करायचे. १८१९ मध्ये कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात जॉर्ज एव्हरेस्ट यांची जवळजवळ सगळी तुकडी तापाने आडवी झाली. काही माणसे परतलीच नाहीत. एव्हरेस्ट हवापालटासाठी केपला जाऊ शकले. अशी सोय तुकडीतल्या इतरांना नव्हती.

१५/
लॅम्बटन यांच्या तुकडीत आरंभीच्या वर्षांपासून जोशुआ द पेनिंग होते. मद्रासच्या शाळेत शिकलेले, हुद्दा सब-असिस्टंट. वीस वर्षे त्यांनी त्रिकोणामागून त्रिकोण बांधले. २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरकडे जात असताना लॅम्बटन यांचा मृत्यू झाला, तो आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्यांची कबर तेथे आहे. ही साखळी सर्वांत जास्त काळ हाताळलेला माणूस म्हणजे द पेनिंग. प्रमुखपद गेले एव्हरेस्ट यांच्याकडे, ते तुकडीत येऊन पाच वर्षेही झाली नव्हती. एव्हरेस्ट कर्तबगार होते यात शंका नाही. प्रश्न इतकाच की द पेनिंग यांचा विचार होण्याचा मार्गच खुला नव्हता.

१६/
परवाना कशाला म्हणतात, हे कळण्यासाठी थोडे दूर, इंग्रजांच्याच दुसऱ्या वसाहतीत डोकावावे. अमेरिकेतील व्हर्जिनियात भूमापकांची सनद देण्याचा अधिकार विल्यम अँड मेरी कॉलेजकडे होता. जुलै १७४९ मध्ये तेथून सनद मिळवून सतरा वर्षांचा एक मुलगा कल्पेपर परगण्याचा भूमापक झाला. त्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन. औपचारिक शिक्षण बेताचेच, पण सरदार घराण्याशी ओळख होती. सनद मिळाल्यावर त्याने केलेल्या मोजणीवर त्याचीच सही असे, शुल्क त्यालाच मिळे आणि त्या पैशांतून पुढच्याच वर्षी त्याने स्वतःसाठी जमीन घेतली.

१७/
मद्रासच्या मुलांचे शिक्षण याहून कमी होते, असे म्हणता येत नाही. कित्येक बाबतींत ते अधिक कसून झाले होते. फरक शेवटच्या पायरीवर होता. वॉशिंग्टन यांना सनद मिळाली, म्हणजे आपल्या नावाने काम करण्याचा आणि त्या कामाला जबाबदार राहण्याचा अधिकार मिळाला. मद्रासच्या मुलाची उमेदवारी संपे, पगार थोडा वाढे, हुद्द्याचे नाव बदले. नकाशाच्या मथळ्यावर मात्र बहुधा सर्वेक्षणप्रमुखाचे नाव असे. त्याच्या कोनावर कंपनीचा विश्वास होता. त्या विश्वासावर ती मुलुखाचा सारा ठरवत होती. अविश्वास होता तो त्याच्या जन्मावर.

१८/
सहीचा हा प्रश्न पुढच्या पिढीतही सुटला नाही. द पेनिंग पुढे कलकत्त्याच्या कचेरीत प्रमुख गणक झाले. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८३१ मध्ये हिंदू कॉलेजचा एक विद्यार्थी गणक म्हणून दाखल झाला. हे राधानाथ सिकदार. मद्रासच्या मुलांनी साखळीपासून गणितापर्यंत वाटचाल केली होती, सिकदार थेट उच्च गणितातून आले. १८४९ मध्ये कलकत्त्याला प्रमुख गणकाची जागा त्यांना मिळाली.

१९/
१८५१ मध्ये स्मिथ आणि थुलियर यांचे हिंदुस्थानातील मोजणीवरचे मार्गदर्शक पुस्तक निघाले. होतकरू भूमापकांच्या कित्येक पिढ्यांचे ते पाठ्यपुस्तक ठरले. त्यातील महत्त्वाचा गणिती भाग सिकदार यांच्या परिश्रमाचा होता आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तसे स्पष्ट नमूद केले होते. १८७० मध्ये सिकदार वारले. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर राहिला, नाव गळाले. त्यावर तेव्हाच्या वृत्तपत्रांत टीका झाली आणि ती करणाऱ्यांत इंग्रजही होते. पुस्तकातून शिकणाऱ्या नव्या उमेदवाराला मात्र आपण कोणाचे गणित गिरवतो आहोत, हे कळण्याचा मार्ग राहिला नाही.

२०/
आता मुंबई इलाख्याकडे. पुणे भागात १८३० च्या सुमारास प्रिंगल यांनी केलेली जमाबंदी कोसळली. तिच्या मुळाशी चुकीची मोजणी होती, लाचलुचपत होती आणि कागदावर जमिनीचा कस वाटेल तसा लावला होता. आकारलेला सारा पेलेना, तेव्हा शेतकरी जमिनी सोडून निघून गेले. मोजणाऱ्याचे शिक्षण अपुरे राहिले किंवा त्याच्यावर देखरेख नसली, तर त्याचे परिणाम कोणाच्या घरी जातात, याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण.

२१/
१८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. येथील साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणि प्रत्येक भागाचे नाव आणा. रुपयाचा हिशेब येणाऱ्या कारकुनाला शेताचा हिशेब लगेच समजावा, अशीच ही योजना होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो यामुळेच. काटकोन साधण्यासाठी शंकू, लांबीसाठी साखळी. मोजणी करणारे हात येथेही देशीच होते, पण आता वरिष्ठाने काही शेते स्वतः पुन्हा मोजून ताळा घ्यावा, असा दंडक बसला.

२२/
त्या मोजणीदारांनी भरलेली टिपणे भूमी अभिलेख कार्यालयांच्या दप्तरांत आजही आहेत. टिपण म्हणजे शेताची हाताने काढलेली आकृती. ती प्रमाणात नसते, तिच्यातले आकडे महत्त्वाचे. त्या आकड्यांवरून क्षेत्र काढले जाई ते गुणाकार बुकात आणि पुढे आकारबंदात चढे. बांधावरून वाद पेटला की आजही ती जुनी टिपणे काढली जातात. आज हाती उपग्रहाशी बोलणारे यंत्र असले, तरी हद्द नेमकी कोठे ठरली होती, हे सांगायला त्या निनावी मोजणीदाराचा आकडाच पुढे येतो.

२३/
महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख खात्यात दोन पदनामे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. जमीन मोजतो तो भूकरमापक. निमतानदार हे दुसरे, आणि निमताना म्हणजे झालेल्या मोजणीची फेरतपासणी. मोजणी मान्य नसेल तर शेतकऱ्याला वरिष्ठाकडून निमताना मोजणी मागता येते. टॉपिंग यांच्या शाळेत मुलांना जे अंगवळणी पाडले जाई, ते येथे शेतकऱ्याचा हक्क होऊन आले आहे. ज्याचे काम दुसऱ्याने तपासायचे, त्याचे नाव कागदावर असावे लागते. नाव असले की जाब विचारता येतो आणि श्रेयही देता येते.

२४/
मद्रासची ती शाळा अनेक रूपे पालटत वाढली. गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आपला आरंभ १७९४ च्या त्या वर्गापर्यंत नेते. त्या वर्गातील आठ मुलांची नावे आज फारशी कोणाला सांगता येणार नाहीत. हिंगणघाटला गेलात तर लॅम्बटन यांची कबर जरूर पाहा. मात्र तेथे उभे असताना, मद्रासहून वीस वर्षे चालत आलेल्या साखळीचे दुसरे टोक कोणीतरी धरले होते, हेही आठवावे.

(समाप्त)